स्प्रिंग बूट आणि टॉमकॅट : नामांतराचा पेच

ऑरॅकलने जावा ईईचा कारभार एक्लिप्स फाउंडेशनच्या स्वाधीन केला खरा, परंतु ‘जावाएक्स’ या नावाखाली नवे फेरफार करण्याची मुभा न दिल्यामुळे, २०२० च्या जाकार्ता ईई ९ मध्ये सर्व्हलेटसह अनेक घटकांचे नामांतर करणे भाग पडले. म्हणून स्प्रिंग बूट ३ वर, म्हणजे नव्या नावांनिशी, रचलेली वॉर फाइल टॉमकॅट ९ वर चढविली, तर सर्व्हर आपल्या दप्तरी जुनेच नाव शोधतो आणि, लॉगमध्ये सहसा तक्रारीचे अक्षरही न उमटविता, ब्राउझरपुढे ४०४ ठेवतो. ही नीरवता उघड दोषाहून अधिक घातक होय. स्प्रिंग बूट ३ साठी टॉमकॅट १०.१ किंवा त्यापुढील आवृत्ती योग्य आणि किमान जावा १७ अपरिहार्य होय. उलटपक्षी, जुनी वॉर टॉमकॅट १० च्या ‘वेबॅप्स-जावाईई’ फोल्डरात ठेवल्यास तिचे रूपांतर तो स्वतःच करून घेतो.