‘वाचले गं बाई!’च्या पुढे…

‘थोडक्यात निभावलं’, ‘देवाची कृपा म्हणायची’, ‘वाचले गं बाई!’ ही वाक्यं आपल्या तोंडात इतकी बसलीत, की ती म्हटली की विषय संपला असं आपण धरून चालतो. मला तर वाटतं, विषय तिथंच सुरू व्हायला हवा.

मिरची कांडपाच्या हंगामात एका बचत गटाच्या शेडमध्ये गेले होते. आदल्याच आठवड्यात तिथं एकीचा पदर मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला होता. शेजारच्या काकूंनी झटकन बटण बंद केलं म्हणून बरं! पदराच्या चिंध्या झाल्या, पण तिला खरचटलंही नाही. बायकांनी देवीला नारळ फोडला. श्रद्धेचा भाग आहे, मी काही म्हणणार नाही. पण खोबरं वाटून झालं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि पट्टा तसाच उघडा! जाळी का नाही बसवली, विचारलं तर कळलं, गटाच्या अध्यक्षांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. ‘‘ताई, सांगितलं तर म्हणतील, तुलाच धड काम येत नाही.’’

इथंच तर घोडं पेंड खातं.

हर्बर्ट हाइनरिक हे अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणारे गृहस्थ. त्यांनी १९३१ साली कारखान्यांतल्या अपघातांवर पुस्तक लिहिलं. त्यांचा हिशेब असा, की एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती असतात आणि ३०० प्रसंग असे, ज्यात कोणाला काहीच लागलेलं नसतं. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. आकडे सोडा हो, पण संकट येण्याआधी खूपदा दार वाजवतं, हे आपल्याला स्वयंपाकघरातूनही ठाऊक आहे. कुकरची शिट्टी आधी दोन दिवस अडत असते, गॅसची नळी चिरलेली दिसत असते.

मग कामाच्या जागी आपण गप्प का? बोलणी खायची भीती, दुसरं काय! विमानं चालवणारेही याला अपवाद नाहीत. म्हणून तर अमेरिकेत १९७६ पासून ‘नासा’ ही संस्था वैमानिकांकडून अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची माहिती घेते, ती सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून.

मैत्रिणींनो, आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. बचत गटाची महिन्याची बैठक होतेच. हिशेबाच्या वहीशेजारी एक साधी शंभर पानी वही ठेवायची. बैठकीत विचारायचं, ‘या महिन्यात कोण थोडक्यात वाचलं?’ ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न मात्र त्या दिवशी बंद! कुठं, कधी, काय झालं, एवढंच लिहायचं, नाव नसलं तरी चालेल. ओल्या फरशीवर पाय सरकला, मिक्सरला हात लावताच झिणझिण्या आल्या, तेलाची कढई कलली, सगळं लिहायचं. आणि पुढच्या बैठकीत आधी मागचं पान वाचायचं, काय दुरुस्त झालं ते सांगायचं. नुसतं लिहून ठेवलं आणि वायर तशीच लोंबकळत राहिली, तर तिसऱ्या महिन्यात कोणी तोंड उघडणार नाही.

पापड-चिवड्याच्या एका गटानं ही वही सुरू केली. पहिल्या महिन्यात दोन नोंदी, दुसऱ्यात अकरा. अध्यक्षताई घाबरल्या, अपघात वाढले की काय! त्यांना म्हटलं, अहो, वाढलंय ते बायकांचं बोलणं. मग वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं, त्याचं बिलही गटाच्या खर्चात धरलं.

दुसऱ्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांचं जरा अवघड असतं, मान्य. तिथं एकटीनं नको, दोघी-तिघींनी मिळून सुपरवायझरला सांगा. तोंडी सांगून भागत नसेल तर तारीख घालून चार ओळी लिहून द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.