झोप, नाहीतर तो येईल

बदलापूरच्या शिरगावात आमच्याकडे लाईट गेली की आधी पंखा थांबल्याचं जाणवतं, अंधाराचं नंतर. इतका वेळ जो आवाज आपण ऐकतही नव्हतो, तो बंद पडला की घर एकदम मोठं वाटायला लागतं. पत्र्यावरचा पाऊस जवळ येतो, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय हेही कळतं. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री मी आणि माझा कॉलेजात जाणारा भाचा लॅपटॉपवर, बॅटरी पुरेल तेवढा, ‘तुंबाड’ बघत बसलो होतो. त्याने तो आधी दोनदा बघितला होता. तरीही त्यातला छोटा विनायक साखळीने बांधलेल्या आजीचं जेवण घेऊन तिच्या खोलीकडे निघाला तेव्हा पठ्ठ्याने पाय वर खाटेवर घेतले.

“तुला माहितीये ना पुढे काय होतं?” मी म्हटलं.

“माहितीये म्हणूनच ना, मावशी!”

भयपटाच्या सुरुवातीबद्दल इतकं नेमकं बोलणं मी पुस्तकांतही फारसं वाचलेलं नाही.

आपली सर्वसाधारण समजूत उलटी असते. भयपट म्हणजे लपवाछपवी, भूत शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग अंगावर सोडायचं. राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’मध्ये पहिल्या काही मिनिटांतच सगळं सांगून टाकलंय. बाप मुलाला गोष्ट सांगतोय. समृद्धीची देवी, पृथ्वी म्हणजे तिचं गर्भाशय, तिचा पहिला आणि लाडका मुलगा हस्तर. त्याने सोनं बळकावलं, धान्याला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव चालून आले. आईने त्याला पोटात लपवून वाचवलं, पण अट घातली की याची पूजा कधी होणार नाही. तुंबाडात कोणीतरी त्याचं देऊळ बांधलं, आणि देवांचा कोप म्हणून तिथला पाऊस थांबेना. कोण, कुठे, का, कशाला हपापलेला, सगळं कळलं. आता उरतं ते फक्त ‘कधी’.

आल्फ्रेड हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हेच समजावलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो टेबलाखाली आहे हे आधी ठाऊक असेल, तर वर चाललेल्या साध्या गप्पाही सोसवत नाहीत. आपल्याकडे कमाल अमरोहींनी 1949 साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी ‘महल’ केला, तेव्हा सुरुवात अशीच केली. वादळी रात्र, हवेलीत नुकताच आलेला अशोक कुमार, आणि म्हातारा माळी त्याला त्या वास्तूची जुनी कहाणी सांगतोय. छायालेखक होते जर्मनीहून आलेले जोसेफ विर्शिंग. भिंतीवरची तसबीर हुबेहूब आपल्यासारखी दिसते हे अशोक कुमारच्या लक्षात येतं, तोवर आपल्या डोक्यात कहाणी पेरून झालेली असते. त्यानंतर एखादं झुंबर हललं तरी ते नुसतं झुंबर राहत नाही.

‘तुंबाड’ची कथा जिथून निघाली तिथेही ही पेरणी आहे. नारायण धारपांच्या कथांवरून प्रेरणा घेतल्याचं बर्वे सांगत आले आहेत, आणि म्हातारीचा भाग धारपांच्या ‘आजी’शी नातं सांगतो. गावाचं नाव मात्र ओळखीचं आहे ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे. जगबुडीकाठचं, खेड तालुक्यातलं हे गाव मराठी वाचकाला आधीपासून ठाऊक. त्यामुळे पडद्यावर ‘तुंबाड’ अशी अक्षरं उमटताच आपल्याला कोकणचा वास येतो. बाहेरच्या प्रेक्षकाला ते कळणार नाही, पण ही आपली फुकटची मिळकत.

तर त्या रात्री आम्ही एक खेळ केला. चित्रपटातला 1918 सालचा तो आजीचा प्रसंग आधी आवाज बंद करून बघितला. मग परत लावून, भिंतीकडे तोंड करून नुसता ऐकला.

आवाज बंद केल्यावर चित्र सुंदर होतं, भीती मात्र निम्म्याने उतरली. पण पंकज कुमार यांचं छायालेखन नीट दिसायला लागलं. ढगाळ दिवसाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, त्याला दिशा नसते, सावलीही धड पडत नाही. अशा करड्या-निळ्या उजेडात माणूस कुठून आला, कुठे चालला हे कळत नाही. मग आत कंदील येतो. आता उजेडाला एकच जागा आणि त्याच्याभोवती फक्त चार हातांचं जग. पुढचं सगळं अंधारात, म्हणजे आपल्या ताब्यात. तिथे काय ठेवायचं ते प्रेक्षकानेच ठरवायचं, आणि प्रेक्षक कधीच बरं काही ठेवत नाही.

पावसाचीही एक गंमत आहे. साध्या उजेडात पाऊस कॅमेऱ्याला फारसा दिसत नाही. धारांच्या मागून प्रकाश आला की त्या चमकतात. पाऊस भयाण दिसावा यासाठी दिव्याची जागा ठरवावी लागते. ‘तुंबाड’च्या मंडळींनी 2012 ते 2015 या काळात पावसाळ्यामागून पावसाळा घालवला, सासवड, महाबळेश्वर, सातारा असं फिरत. हा हट्ट पडद्यावर दिसतो. शिवाय इथला पाऊस सजावटीचा नाही. तो शाप आहे हे आपल्याला आधीच सांगितलंय, त्यामुळे आभाळ जेवढा वेळ गळतं तेवढा वेळ गुन्हा चालू आहे. बदलापूरकराला हे समजावून द्यायला नको. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. तेव्हापासून सलग दोन रात्री कोसळला की आमच्या आळीत कोणी ‘काय मस्त पाऊस’ म्हणत नाही.

आता तोंड भिंतीकडे. हा प्रयोग भाच्याने अर्ध्यात सोडला. डोळ्यांना फ्रेम असते, कानांना नसते. चित्राला चौकट आहे म्हणून त्यापलीकडे काहीतरी उरतं, पण आवाज चहूकडून येतो, पाठीमागूनही. बंद दारापलीकडची म्हातारी आपल्याला आधी ऐकू येते, दिसते खूप नंतर. साखळी वाजते तेव्हा नुसत्या आवाजावरून आपण तिची जाडी, वजन आणि ती कशाला बांधलीय हे ठरवून मोकळे होतो. या ध्वनिरचनेसाठी कुणाल शर्मा यांना फिल्मफेअर मिळालं, छायालेखन आणि कलादिग्दर्शनालाही मिळालं. पार्श्वसंगीत जेस्पर कीड या डॅनिश संगीतकाराचं, ज्याची ओळख व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी. मला विचाराल तर तिथे संगीत मागे सरतं तेव्हा जास्त धडकी भरते, पंखा बंद पडल्यासारखी.

न दाखवण्याचं हे तंत्र जगभर चालतं, कधीकधी नाइलाजाने. 1975 च्या ‘जॉज’मध्ये रात्री पोहणारी मुलगी आपल्याला दिसते, शार्क दिसत नाही. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सतत बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो बराच काळ पडद्याबाहेर ठेवावा लागला, आणि जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी त्याची जागा घेतली. 1978 च्या ‘हॅलोवीन’मध्ये जॉन कारपेंटरने आणखी वाईट केलं. कॅमेरा खुन्याचे डोळे होतो, आपण त्याच्याबरोबर घरात शिरतो, आणि शेवटी मुखवटा उतरतो तेव्हा सहा वर्षांचं पोर समोर.

‘तुंबाड’मधलं पोर वेगळं आहे. धाकटा भाऊ पडून जखमी होतो, आई त्याला घेऊन निघते, आणि म्हातारीला भरवायची जबाबदारी विनायकवर येते. त्याच्या हातात एक जेवण आणि एक वाक्य. म्हातारी उठली तर तिला सांगायचं, झोप, नाहीतर हस्तर येईल. ऐकताना मला आमच्या आईचा आवाज आठवला. झोप, नाहीतर बागुलबुवा येईल. लहानपणी ज्या धमकीने आपल्याला गप्प निजवलं, तीच धमकी इथे नातवाने आजीला द्यायची. अंगाईच उलटी करून टाकलीय. बाकी प्रकाश, आवाज, साखळ्या यांनी नुसती वाट झाडून ठेवली, खरा घाव या उलटापालटीने घातला, असं माझं मत. धमकी देणाऱ्याच्या आवाजाला आपण लहानपणापासून ओळखतो, ती घेणाऱ्याच्या जागी कधी आजी बघितलेली नसते.

आणि यातही एक मेख आहे. ती आजी रंगवली होती मोहम्मद समद या मुलाने, कृत्रिम त्वचेचे थर चढवून. पुढे त्याच चित्रपटात विनायकचा मुलगा पांडुरंगही तोच. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे शेवटी घाबरवलं कोणी, पोरानेच ना?”

घाबरवायला अंधारच लागतो असंही नाही. मराठीत विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ 2017 मध्ये चित्रपटगृहांत आला, त्यावरून 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ झाला. तिथे अंधाराऐवजी ऊस आहे. भर दिवसा, चहूबाजूंनी सारखंच दिसणारं, डोक्यावरून उंच पीक. कंदील नको, भिंत नको. उसाच्या रानात कधी वाट चुकलेल्याला ते दिग्दर्शकाने शिकवायला नको. त्यावर कधीतरी सवडीने लिहायचं आहे.

लाईट साडेअकराला आली. पंखा घरघरला, आणि भाच्याने पहिलं काम केलं ते म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन तो ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.