पाण्याची पट्टी

नामपल्लीच्या आमच्या घरी पंचवीस वर्षांनी पुन्हा माशांची काचपेटी आली. पहिली मी रागाने माळ्यावर टाकली होती. दोष मात्र माझाच! अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ पाण्याचे निऑन टेट्रा मी आमच्या बोअरच्या जड पाण्यात सोडले. शिवाय दर रविवारी सगळे पाणी ओतून पेटी लख्ख घाशीत असे. घाण पचवणारे सूक्ष्म जंतूही त्याबरोबर जात. महिन्याभरात एक मासा उरला नाही.

वडील दरबारी गवई. तेव्हा ते इतकेच म्हणाले, "अरे, गळा पाहून पट्टी धरावी." उमगले ते आता; ऐकायला वडील नाहीत.

यंदा पाणी आहे तेच ठेवले आणि त्याला मानवणारे गप्पी व मोली आणले. डासांच्या अळ्या खाणारा हौदातला गप्पी वाचकांच्या ओळखीचा आहेच. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला, तोही इथेच, सिकंदराबादेत! आता आठवड्याला पाव हिस्साच पाणी बदलतो. परवा पिले दिसली.

काल शिकवणीत एका मुलीचा गळा ताणला जात होता. मी रागावणार होतो. पण पट्टी दोन सूर खाली घेतली. ती मोकळेपणी गायली.