घराचे अंदाजपत्रक : बाराव्या हिश्शाचा हिशेब

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या दांपत्यांच्या तोंडून एक तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत : "फादर, दोघेही कमावतो, घरात व्यसन नाही, उधळपट्टी नाही, तरी पैसा जातो कोठे?" नाताळ नुकताच सरलेला असतो, बांगड्या सोनेतारणात गेलेल्या असतात आणि जूनची फी डोळ्यांपुढे उभी असते. अशा काही कुटुंबांच्या जमाखर्चाच्या वह्या आम्ही त्यांच्याच विनंतीवरून पाहिल्या. हिशेब चुकलेला क्वचितच आढळला. अंदाजपत्रक महिन्याचे होते आणि घर मात्र वर्षाचे चालवायचे होते, एवढेच.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. मासिक प्राप्ती ४०,००० रुपये. किराणा, वीज, गॅस, प्रवास, घराचा हप्ता मिळून ३५,००० खर्च होतात. कागदावर ५,००० उरतात आणि कुटुंब निर्धास्त असते. आता वर्षातून एकदोनदाच येणारे खर्च मांडू : शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश ३०,०००, नाताळ १८,०००, पावसाळ्यापूर्वीची घराची डागडुजी १५,०००, विम्याचा हप्ता १२,०००, औषधपाणी १२,०००, लग्न-बाप्तिस्म्यांचे आहेर ९,०००. बेरीज ९६,०००, म्हणजे दरमहा ८,०००. ज्या घरात ५,००० उरतात असे वाटत होते, तेथे प्रत्यक्षात दरमहा ३,००० कमी पडत आहेत. वर्षाचे ३६,००० झाले. बांगड्या त्यासाठीच गेल्या!

म्हणून प्राप्ती हाती येताच या वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा प्रथम बाजूला काढावा. तो स्वतंत्र खात्यात ठेवलेला बरा. रोजच्या खात्यातील शिल्लक मोहात पाडते. खाते कोठे उघडावे हेही पाहावे. बँकांतील ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. पतपेढीतील ठेवींना हे संरक्षण नाही.

पगारदारांना हे तुलनेने सोपे आहे. आमच्या वसईच्या पट्ट्यात वाडी करणारी, फुले आणि भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठणारी कुटुंबे आहेत. किनाऱ्यावर कोळी बांधव आहेत. त्यांची प्राप्ती प्रत्येक महिन्यात निराळी असते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नेमक्या त्याच वेळी शाळा उघडतात. अशा घरांनी सरासरी प्राप्तीवर भिस्त ठेवू नये. गेल्या वर्षातील हलक्या महिन्यांत जेवढे मिळाले, तेवढ्यात रोजचे घर बसवावे आणि चांगल्या महिन्यांतील वाढावा बंदीच्या दिवसांसाठी राखावा. आमच्या आजीच्या पिढीतील बायका तांदळाच्या डब्यात पैसे पुरून ठेवीत, त्यामागे हाच विचार होता. पुरुषांना तो डबा ठाऊक नसे, हेही त्या व्यवस्थेचे एक बळ असावे.

आज मात्र दोघांनाही डबा ठाऊक असला पाहिजे. अंदाजपत्रक मोडते ते पुष्कळदा लपवाछपवीमुळे. पतीने भावाला दिलेले उसने, पत्नीने भरलेली भिशी, मुलाच्या फोनचा हप्ता या गोष्टी वहीत येतच नाहीत. 'किरकोळ' नावाचे सदर तर विशेष तपासण्याजोगे असते. मद्याचा खर्च बहुधा तेथेच दडलेला सापडतो. एक महिनाभर प्रत्येक रुपया लिहावा. चहा, रिक्षा, फोनवरून दिलेले दहा-वीस रुपयेसुद्धा लिहावेत. नंतर महिन्याअखेरीस अर्धा तास दोघांनी एकत्र बसावे. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. एखाद्या सदरात जास्त गेले असेल तर ते दुसऱ्या कोणत्या सदरातून भरून काढायचे, एवढेच ठरवावे. वार्षिक खात्याला हात लावू नये. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). तो माणूस आधी खाली बसतो, ही बारीक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

दोघांनाही थोडी रक्कम हिशेबाविना खर्च करण्याची मुभा असावी. फार आवळलेले अंदाजपत्रक तिसऱ्या महिन्यात तुटते. गरिबांचा वाटाही आरंभीच काढावा, कारण शेवटी तो उरत नाही. (आम्ही दानपेटीची वकिली करीत आहोत असे कोणी समजू नये, हा वाटा शेजारच्या विधवेला दिला तरी चालेल.)

वर्ष अर्धे सरल्यावर आरंभ केला तर बाराव्या हिश्शाने भागत नाही. ऑक्टोबरपासून सुरुवात केल्यास मेपर्यंत आठ महिने मिळतात; ३०,००० च्या शालेय खर्चासाठी दरमहा ३,७५० काढावे लागतील. नाताळला तीनच प्राप्त्या उरतात आणि १८,००० काही जमत नाहीत. त्या वर्षी नवे कपडे केवळ मुलांना घ्यावेत, आणि थोरांचे कपडे होणार नाहीत हे घरात ऑक्टोबरातच सांगून टाकावे.