बॅटरी उतरली की कुणी उतरवली?



थंडी सुरू झाली की आपल्या वर्गाच्या दारात एक वाक्य हमखास ऐकू येते, "सॉरी, उशीर झाला, गाडीच सुरू होईना!" गेल्या हिवाळ्यात हे वाक्य म्हणायची पाळी आमच्यावर तीनदा आली. त्यातून आम्ही जे शिकलो, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

खरे तर कॉव्हेंट्रीत राहून गाडीबाबत अडाणी असणे शोभत नाही. १८९६ साली डेमलर कंपनीने याच गावात कारखाना थाटला. आपल्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये गेलात तर अगदी जुन्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला एक वाकडा दांडा दिसेल. तो हाताने गरगर फिरवून इंजिन सुरू करत. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि दांडा फिरवायचे कष्ट वाचले. पण तेव्हापासून सकाळी गाडी सुरू होणे बॅटरीच्या मर्जीवर आले!

बॅटरीच्या पोटात काय असते?

नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या असतात आणि प्रत्येकातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. बॅटरी वापरली की पट्ट्यांवर एक पांढरट थर बसतो. इंजिन चालू असताना आल्टरनेटर बॅटरी पुन्हा भरतो आणि तो थर निघून जातो. पण बॅटरी बराच काळ उतरलेलीच राहिली तर थर घट्ट होतो आणि मग निघत नाही. म्हणून दर वेळी पूर्ण उतरणारी बॅटरी, नवी असली तरी, लवकर म्हातारी होते.

थंडीत तिची ताकद आणखी कमी होते आणि इंजिनातले तेल घट्ट झाल्याने स्टार्टरला जोर मात्र जास्त लागतो. दिवे लागतात पण स्टार्टर नुसता 'टक टक' करतो, त्याचे कारण हेच. दिव्यांना थोडा करंट पुरतो, स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात.

आमची गोष्ट

आमची गाडी बारा वर्षांची. ऑक्टोबरच्या सुट्टीत ती चार दिवस उभी होती, पाचव्या दिवशी सुरूच होईना. "कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला नेऊ, म्हणजे काळजी नको," असे ठरले. तिथल्या काउंटरवर लगेच निदान झाले, "बॅटरी गेली." १८० पौंड देऊन नवी बॅटरी घेऊन आलो.

डिसेंबरात आम्ही सगळे तापाने घरात पडून होतो. गाडी पाच दिवस हलली नाही आणि नवी बॅटरीही उतरली. पुन्हा सर्व्हिस सेंटर. या वेळी त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. "एकही फॉल्ट कोड नाही, गाडी ठीक आहे," असे सांगून तपासणीचे ९५ पौंड घेतले. "रोज चालवली की काही होत नाही, तीन-चार दिवस उभी राहिली की बंद पडते," हे आम्ही दोन्ही वेळा सांगितले होते. कुणी लिहूनही घेतले नाही. आम्हीही गप्प बसलो. कंपनीच्या माणसाला आपण काय विचारणार, आणि तेही इंग्रजीतून!

तिसऱ्या वेळी मात्र ते अंगाशी आले. नवीन वर्षाच्या सुट्टीनंतर सोमवारी सकाळी साडेआठला आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ होती. गाडी बंद, टॅक्सी मिळेना. वेळ हुकली आणि पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. आजी रागावली नाही, एवढेच म्हणाली, "डॉक्टरसुद्धा आधी नाडी बघतो, मग गोळी देतो. यांनी नाडी न बघताच गोळी दिली, आणि आपणही मुकाट्याने गिळली."

शेवटी शेजाऱ्यांनी एका छोट्या गॅरेजमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे नाव सुचवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी नेमकी कधी बंद पडते?" मग गाडी कुलूपबंद करून पाऊण तास तशीच ठेवली, कारण हल्लीच्या गाड्यांतले छोटे कॉम्प्युटर झोपी जायला वेळ लागतो. नंतर वायरीभोवती मीटर लावला. झोपलेल्या गाडीने साधारण ०.०५ अँपिअर किंवा त्याहून कमी करंट घ्यावा, आमची जवळजवळ अर्धा अँपिअर घेत होती!

चोर कुठे होता? डिकीत. झाकण लावले तरी तिथला दिवा विझतच नव्हता, बटण बिघडले होते. आमच्या धाकटीने फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावले. बाहेर काढून पाहतो तर डिकीत लख्ख उजेड! बटण बदलायला ४० पौंड लागले.

कॉम्प्युटरला का कळले नाही?

कारण ज्या भागांवर लक्ष ठेवायला त्याला शिकवलेले असते, त्यांचीच तक्रार तो नोंदवतो. डिकीच्या दिव्यावर त्याचे लक्षच नव्हते. म्हणून 'कोड नाही' याचा अर्थ 'बिघाड नाही' असा होत नाही. आणि बॅटरी उतरणे हे तापासारखे लक्षण आहे, रोग दुसराच असू शकतो.

पालकांसाठी

१. गाडी कधी, किती दिवस उभी राहिल्यावर बंद पडली, हे कागदावर लिहून गॅरेजला द्या.

२. पैसे देण्याआधी विचारा, "तुम्ही काय काय मोजलं आणि आकडे किती आले?" बॅटरीची लोड टेस्ट, आल्टरनेटर आणि गाडी झोपलेली असतानाचा करंट, हे तीन आकडे मागा.

३. साधा मल्टीमीटर घरी ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना बहुधा १३.८ ते १४.५ दिसावेत.

४. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला त्याच प्रकारची बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवू नका. विजेच्या गाडीतही बहुधा एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही!

५. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे दुरुस्तीचे काम योग्य काळजीने आणि कौशल्याने झालेच पाहिजे. तसे झाले नाही तर काम पुन्हा करून मागता येते किंवा पैसे कमी करून मागता येतात. आम्ही आकड्यांसह नम्रपणे पत्र लिहिले आणि तपासणीचे ९५ पौंड परत मिळाले. बॅटरीचे मिळाले नाहीत. जुनी सात वर्षांची होती, तेव्हा तेही आम्ही मान्य केले.

मुलांसाठी

बॅटरीला हात लावायचा नाही, आतले आम्ल भाजते. गणित मात्र करायचे! डिकीतला दिवा साधारण ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे २४ तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर ती सहा दिवसांत रिकामी, आणि थंडीत स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हार मानणार. आता सांगा, ०.०५ अँपिअरने तीच बॅटरी रिकामी व्हायला किती दिवस लागतील? उत्तर मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.

नवे शब्द: शिसे – लेड, गंधकाम्ल – सल्फ्युरिक ॲसिड, निदान – डायग्नोसिस, लक्षण – सिम्प्टम.

जाता जाता सांगायला हरकत नाही, आजीचे ऑपरेशन मार्चमध्ये छान झाले. त्या दिवशी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तरी निघण्याआधी धाकटीने डिकीत फोन ठेवून पाहिलाच!