रेशन आणि खानदेशची भाकरी

जळगाव-धुळे भागात ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर कळण्याची भाकरीही रोजच्या जेवणात असते. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून कळणा दळतात. तृणधान्य व कडधान्य एकत्र आल्याने त्यांतील प्रथिने परस्परपूरक ठरतात. रेशनवर मात्र मुख्यतः गहू-तांदूळच मिळत आले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्यात भरडधान्यही बसते. २०१८ मध्ये केंद्राने ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पौष्टिक तृणधान्यांचा दर्जा दिला. हमीभावाने घेतलेली ज्वारी त्याच जिल्ह्यात वाटली, तर वाहतूक वाचते आणि ताटात तंतुमय पदार्थ वाढतात. डाळी मात्र या कायद्याच्या हक्कात नाहीत. त्यामुळे कळण्यातले उडीद विकतच घ्यावे लागतात.