लघवीचा त्रास आणि झाडपाल्याची पुडी

नोकरीनिमित्त गुरुग्रामला स्थायिक झालेल्या मुलाकडे आईवडील राहायला येतात. थंडी पडू लागली, की आजोबांच्या रात्रीच्या फेऱ्या वाढतात. चारचार वेळा उठावे लागते. मुलाला, सुनेला सांगायचा संकोच वाटतो. मग सकाळी बागेतल्या बाकावर एखादा समवयस्क सल्ला देतो, "गोखरूचं चूर्ण घेऊन बघा." झाडपाल्याचेच तर औषध, त्याने अपाय कसा होणार, असे वाटून पुडी घरी येते.

गोखरू म्हणजे आपला सराटा. चरकाने तो मूत्र साफ करणाऱ्या वनस्पतींत गणला आहे. सुश्रुताच्या एका गणाला तर वरुण म्हणजे वायवर्णा या झाडाचेच नाव आहे. वनस्पतींत गुण आहे, यात शंका नाही. पण गुण आहे म्हणूनच जपायला हवे.

स्नायूंची पिशवी

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. हे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे आपल्या मर्जीने हलत नाहीत. मूत्र साठत असताना ते सैल राहतात. लघवीच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून असिटिलकोलिन हे रसायन पाझरते आणि पिशवी आकुंचन पावते.

वनस्पतींच्या अर्काचा परिणाम पाहण्यासाठी प्रयोगशाळेत प्राण्याच्या मूत्राशयाची बारीक पट्टी कोमट क्षारद्रावणात टांगतात. असिटिलकोलिन घातले की ती आखडते. मग अर्क घालून ती अधिक आखडते की सैल पडते, हे मोजतात.

धोतऱ्यात अॅट्रोपिनच्या जातीची द्रव्ये असतात. ती असिटिलकोलिनचे काम अडवतात, म्हणून धोतऱ्याच्या विषबाधेत लघवी तुंबते. लघवी आवरत नसेल तर डॉक्टर ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी देतात, तिचे काम याच तत्त्वावर चालते. गुण तोच, फरक मोजलेल्या मात्रेचा. धोतरा मात्र घरी कधीही वापरू नये.

वायवर्ण्याचा परिणाम उलट दिसला. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. पी. जे. देशपांडे आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या रुग्णांना हे औषध देऊन मूत्राशयातील दाब मोजला. सैल पडलेल्या मूत्राशयाचा ताण वाढल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास 1982 साली प्रसिद्ध झाला.

तक्रार एक, कारणे दोन

खरी गोम इथेच आहे. काहींचे मूत्राशय उगाच वारंवार आखडते. काहींचे वाढलेल्या प्रोस्टेटमुळे किंवा स्नायू दुबळे झाल्यामुळे पुरते रिकामेच होत नाही, आणि उरलेल्या मूत्रात थोडी भर पडताच पुन्हा उठावे लागते. तक्रार दोघांचीही एकच, "सारखी लघवी होते." पहिल्याला स्नायू सैल करणारे औषध लागू पडते. दुसऱ्याने तेच घेतले, तर लघवी पूर्ण अडून मध्यरात्री नळी घालण्याची वेळ येऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही असे होते.

शिवाय अनुभव आणि पुरावा यांत अंतर असते. परदेशात प्रोस्टेटसाठी सॉ पाल्मेटो या ताडजातीच्या झाडाच्या फळांचा अर्क फार खपतो. 2006 साली अमेरिकेत 225 पुरुषांवर वर्षभर चाचणी घेतली, तेव्हा बिनऔषधी गोळीपेक्षा तो सरस ठरला नाही.

आधी तपासणी

म्हणून पुडी उघडण्याआधी लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी करावी. सोनोग्राफीत लघवीनंतर मूत्राशयात किती मूत्र उरते तेही पाहून घ्यावे. ही तपासणी दुखत नाही. मग औषध डॉक्टरांचे असो वा वैद्यांचे, एक चालू असताना दुसरे घेत असल्यास दोघांनाही सांगावे. लघवीतून रक्त गेले, ताप आला किंवा लघवी अजिबात होईना, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

आणि घरच्यांनीही एवढे करावे. आजोबा रात्री कितीदा उठतात, हे त्यांनी सांगण्याची वाट न पाहता आपणच आपुलकीने विचारावे. संकोच सुटला, की अर्धे काम झालेच.